आठवी विभक्ती

रविवारी दुपारी ती डाव्या कुशीवर, डोळे मिटून पडली होती. नवरा पलंगाच्या कडेला येऊन बसला, त्याने तिच्या पोटावर हात ठेवला, जरासा वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "काय गं, जागी आहेस ना?" आतून काही उत्तर आलं नाही. तिनेही दिलं नाही. आपल्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये ही तिची जुनी सवय, आणि गेले काही महिने पोटावर हात ठेवून विचारलेले प्रश्न तिच्यासाठी नसत. तो चादर तिच्या पायांवर ओढून, दार अलगद लोटून निघून गेला. कडी खाली बसल्याचा आवाज आल्यावर तिने डोळे उघडले. समोरच्या भिंतीवर पडद्याआडून आलेल्या उन्हाची तिरपी पट्टी होती. त्या पट्टीकडे बघत ती मनाशी म्हणाली, गं. गं म्हणाला तो.

मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, कायदा मोडून कुणी सांगू लागलं तर कानांवर हात ठेवायचे, असं दोघांनी पहिल्याच महिन्यात ठरवलं होतं. सुचवलं तिने, आणि त्याने ते इतक्या पटकन मान्य केलं होतं की तेव्हाच तिने जरा चमकून त्याच्याकडे पाहिलं होतं. तेव्हापासून घरात बाळ 'ते' होतं. ते हलतं, ते झोपतं, त्याला उचकी लागते. भाषेने ही सोय करून ठेवली आहे हे तिला आवडत असे. ते झाड, ते पुस्तक, ते बाळ. अजून काही ठरलेलं नाही अशा सगळ्या गोष्टींसाठी राखून ठेवलेली एक स्वच्छ जागा. अडचण हाक मारताना येत असे. शाळेत व्याकरणाच्या बाई विभक्त्या घोकून घेत, प्रथमेपासून सप्तमीपर्यंत सगळा वर्ग एका सुरात जाई, आणि आठवीला, संबोधनाला, बाई थांबत आणि म्हणत, "इथे आता नुसतं पाठांतर चालायचं नाही. इथे माणूस समोर लागतो." माणूस समोर आला की अरे म्हणायचं की अगं, हे ठरवावंच लागतं. कुणाविषयी बोलायचं तर मराठीत तिसरं लिंग मिळतं. त्यालाच हाक मारायची तर भाषा हात आखडते. बोबडं बोलून वेळ मारून नेणारे लोक असतात, 'काय कलतंय माझं बाल' असं, पण ते तिला जमत नसे. आरशासमोर एकदा करून पाहिलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटून तिने नळ सोडला होता.

म्हणून तिने तपासलं, जसं ती सगळंच तपासत असे. 'रे' हा पुरावा धरता येत नाही. मुलींनाही लाडात 'अरे बाळा' म्हणतात. तिचे वडील तिला शेवटपर्यंत म्हणत. 'राजा' म्हणतात, 'सोन्या' म्हणतात. त्यामुळे नवरा सहा महिने पोटाशी 'अरे'च्या भाषेत बोलत होता, त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. पण उलट बाजूने दार बंद होतं. मुलाला कुणी 'गं' म्हणत नाही, चुकूनसुद्धा नाही. 'गं' तोंडातून जातं तेव्हा बोलणाऱ्याला खात्री असते. आणि हा माणूस 'गं' उधळणाऱ्यांपैकी नव्हता. तो दातांचा डॉक्टर. तिची अक्कलदाढ आडवी आली होती तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्या खुर्चीत बसली होती. सुरुवातीला तो 'आ करा' म्हणत होता, पुढच्या खेपेला 'आ कर' म्हणाला, आणि दाढ निघाल्यावर, तोंडात कापूस, अर्धा गाल बधिर अशी ती बसलेली असताना, हातमोजे काढता काढता त्याने विचारलं होतं, "दुखतंय का गं?" बधिर गालाने तिला हसता आलं नव्हतं. त्या एका अक्षरापर्यंत पोचायला त्याला एक अख्खी दाढ लागली होती. लग्नानंतर ते अक्षर वापरात आलं, मग नेहमीच्या वस्तूंसारखं दिसेनासं झालं, आणि दिवस गेल्यापासून तर तो तिला 'आईसाहेब' म्हणू लागला होता. आईसाहेबांना गं लागत नाही.

मग त्याला कळलं कुठून? हा प्रश्न विचारताच तिला उत्तर तयार असल्यासारखं समोर दिसलं, आणि उत्तर इतकं तयार मिळालं म्हणून ती अधिकच सावध झाली. गेल्या महिन्यातली सोनोग्राफी. भरपूर पाणी पिऊन, घट्ट फुगलेलं मूत्राशय घेऊन ती त्या अरुंद पलंगावर पडली होती. पोटावर थंड जेल, अंधारी खोली, उशाशी उभा नवरा, आणि पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी उकळत होतं. डॉक्टरीणबाई एका जागी यंत्र फिरवत राहिल्या, पुन्हा फिरवत राहिल्या आणि "हं" म्हणाल्या. तो 'हं' तिला आजही जसाच्या तसा ऐकू येत असे: आखूड, नाकातला, शेवटी किंचित खाली उतरणारा. तपासणी संपताच ती जवळजवळ धावत स्वच्छतागृहात गेली. बाहेर आली तर कॉरिडॉरमध्ये नवरा नाही. सोनोग्राफीच्या खोलीचं दार बंद. बऱ्याच वेळाने तो त्यातून बाहेर आला. केसांच्या कडा ओल्या, चेहरा धुतल्यासारखा, हात रिकामे. "तुझी पाण्याची बाटली आत राहिली होती ना, ती बघायला गेलो," तो म्हणाला. बाटली तिच्या पिशवीत होती. हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. एखादं माप पुढे कामाला येईल म्हणून राखून ठेवावं, तसं तिने ते ठेवलं होतं.

मुलगी आहे एवढंच कळलं असेल तर प्रश्न नव्हता. मुलगी तर मुलगी. तिला स्वतःला, खरं सांगायचं तर, कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि ते न वाटणंच तिला अधूनमधून पहाटेच्या गारठ्यासारखं अंगावर येत असे. प्रश्न पुढचा होता. ज्या बाईंनी बंद दाराआड एक गोष्ट सांगितली, त्यांनी तेवढीच सांगितली असेल कशावरून? त्या 'हं'मध्ये काय होतं? बाळाचं काही चुकलं असेल, आणि तिला सांभाळायचं म्हणून ते सगळ्यांनी वाटून घेतलं असेल, तर जगात त्या बाळाविषयी सर्वांत कमी माहिती त्याच्या आईला होती.

सोमवारी ती कामावर गेली. यंत्रं किती आवाज करतात हे मोजणं हे तिचं काम. पंखे, मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं एका खोलीत आणून ठेवायची आणि मापक लावून त्यांची कुरकुर ऐकायची. त्या खोलीला सगळे मुकी खोली म्हणत. भिंतींना, छताला, जमिनीखालीसुद्धा स्पंजाच्या लांब पाचरी, आणि चालायला मधोमध ताणलेली तारेची जाळी. तिथे आवाज जातो आणि परत येत नाही. नवखी माणसं आत आली की थोड्याच वेळात कासावीस होतात. स्वतःच्या मानेचं हाड वळताना ऐकू येतं, रक्त वाहताना ऐकू येतं. तिला तिथे बरं वाटत असे. खोटं बोलायला भिंती लागतात असं तिचं मत होतं. पोटातल्या बाळाला काय ऐकू येतं हेही तिला ठाऊक होतं: पाण्यातून आणि मांसातून जाड, खालचे सूर पोचतात; शब्दांच्या कडा, व्यंजनं, विरघळून जातात. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून ऐकू यावं तसं, चाल कळते, बोल कळत नाहीत. 'रे' काय आणि 'गं' काय, त्या बाळाला सारखंच. म्हणजे ते अक्षर बाळासाठी नव्हतंच. बोलणाऱ्याच्या मनातून ते निसटलं होतं. ती या निष्कर्षापाशी पोचली आणि तिथेच घोटाळत राहिली.

संध्याकाळी ती गरोदर बायकांच्या व्यायामाला जात असे. तिथलं अर्धं तिला मनापासून पटत असे. भिंतीला हात टेकून छाती पुढे नेणं, खुर्चीचा आधार घेऊन बसणं-उठणं, गुडघे आणि तळहात टेकून मांजरीसारखी पाठ उचलणं. स्नायूला काम दिलं की तो बळकट होतो. त्यात कुणाच्या म्हणण्याचा प्रश्न नव्हता. शिकवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत खेळ घेत, गळ्यात अजून शिट्टी असे, म्हणून सगळ्या त्यांना शिट्टीबाई म्हणत. व्यायाम संपला की दिवे मंद करून त्या म्हणत, "आता हात पोटावर. बोला आपापल्या बाळाशी. मोठ्याने बोला, लाजायचं नाही." आणि इथे तिचं घोडं पेंड खाई. भोवताली कुजबुज सुरू होई, आणि ती ओठ हलवून आकडे मोजत बसे.

तिच्या शेजारची चटई बेकरीवालीची. पीठ मळून कमावलेले दंड, आणि आवाज असा की मापक लावायची गरज नाही. ती पोटावर थाप मारून म्हणे, "काय हो भाडेकरू, आज अगदी गप्प? की मालकिणीवर रुसलात?"

"तुम्ही त्याला अहो-जाहो का करता?" सोमवारी तिने विचारलं.

"मग काय करू? अरे म्हणावं तर मुलगी निघायची, अगं म्हणावं तर मुलगा. आमच्या सासूबाई एकीकडून, आई दुसरीकडून, दोघी टपून बसल्यात मी काय म्हणते त्यावर. तुम्ही म्हटलं की मिटली भानगड. आलात, बसलात, लाथ मारलीत, कुणाचं काही बिघडत नाही." ती हसली. "नाहीतरी बाहेर आलं की हुकूमच सोडणार आहे. आत्तापासून सवय."

तिला ही युक्ती फार हुशार वाटली. घरी येताना रस्त्यावर तिने मनातल्या मनात करून पाहिली. 'तुम्ही कसे आहात' म्हणावं तर पुन्हा लिंग आलंच. 'बरं वाटतंय ना तुम्हाला?' हे निर्दोष होतं, पण ऐकायला खिडकीमागच्या कारकुनासारखं.

घरात सासूबाई आठवडाभरापूर्वी येऊन राहिल्या होत्या. बाई प्रेमळ, पण प्रेम सगळं पोटाला. "सूनबाई, बाळाला भूक लागली असेल, दोन घास खा." "सूनबाई, बाळाला वारा लागतोय, खिडकी लावून घे." आता ती त्यांच्याही तोंडावर कान ठेवून होती. एकही चूक सापडत नव्हती. बाळ काटेकोरपणे नपुंसकलिंगी होतं, आणि इतका काटेकोरपणा सहजी येत नसतो. बुधवारी चप्पल हातात घेऊन ती जिन्यावरून वर आली, पाय सुजले होते म्हणून, आणि दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणत होत्या, "तिला कळता कामा नये एवढंच बघ. या दिवसांत जिवाला घोर नको."

"तू बोलली नाहीस म्हणजे झालं," नवरा म्हणाला.

"मी कशाला बोलू? पण त्या दवाखान्यातली माणसं बोलली तर?"

चप्पल तिच्या हातातून पडली. दोघं बाहेर आली. सासूबाईंनी हातातला दुधाचा पेला, तिला नव्हे, मुलाला दिला, आणि तो निमूटपणे घटाघटा प्यायला. "आलात आईसाहेब," तो दुधाच्या मिशीने हसून म्हणाला. गेल्या तपासणीला स्वागतकक्षातल्या मुलीने त्याला, तिला नव्हे, विचारलं होतं, "आता सगळं बरं आहे ना?" आणि तो कानांपर्यंत लाल झाला होता, हे तिला त्या क्षणी आठवलं. सगळे आकडे एका रेषेवर येऊन बसत होते. तिच्या धंद्यात असं झालं की आधी मापक तपासतात. पण इथे मापक तीच होती, आणि स्वतःला उचलून दुसऱ्या कशाशेजारी ठेवून बघायची काही सोय नव्हती. ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि मोरीच्या कठड्यावर बसून पोटाकडे बघत राहिली. ते कातडीखालून सरकलं. कोपर असेल, टाच असेल. काय झालंय तुला, असं तिला म्हणायचं होतं. शब्द घशापर्यंत आले. पण त्यांच्याआधी हाक लागत होती, आणि हाक तिच्याकडे नव्हती. ती दुसऱ्यांनी आधीच वापरली होती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती मुक्या खोलीत एकटी गेली. आत आणलेला पंखा बंद होता. तिने जड दार ओढून घेतलं आणि जाळीवर मधोमध उभी राहिली. आधी कानांत नुसतं शून्य दाटलं, मग त्यातून तिचंच रक्त वर आलं. बाळाचं हृदय इथेही ऐकू येणार नव्हतं, हे तिला माहीत होतं, तरी तिने श्वास रोखून धरला. मग ती मोठ्याने म्हणाली, "अगं." आवाज तोंडासमोरच पडला, कापसावर पडल्यासारखा. "अगं" हे तिने त्याच्याकडून उसनं घेतलं होतं. "अरे," ती म्हणाली. तोही पडला. "अहो." तिला एकदम हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, त्या खोलीत हुंदका फार छोटा आणि फार खरा वाटतो. तू नीट आहेस की नाही हे मला कुणी सांगत नाही, असं ती म्हणाली. पण ते कुणाला म्हणाली हे मात्र, भिंती गप्प असल्यामुळे, नक्की झालं नाही.

शनिवारी व्यायामाच्या वर्गात नवऱ्यांनाही बोलावलं होतं. पुरुष पायमोजे काढून, आपापल्या बायकांच्या मागे, शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखे चटयांवर बसले. पाठीला पाठ लावून एकत्र बसणं-उठणं झालं, बेकरीवालीचा नवरा उठताना कोलमडला आणि बेकरीवाली म्हणाली, "ऊठ रे बाबा, बाळंतपण माझं आहे." मग दिवे मंद झाले. "आता बाबालोकांनी बोलायचं," शिट्टीबाई म्हणाल्या. तिच्या नवऱ्याने पोटावर हात ठेवला. तो हात तिला ओळखीचा होता, कोरडा, सावकाश, दुखेल तिथे आधी थांबणारा. ती कान टवकारून बसली, आणि आपण साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं केलंय हे तिला कळत होतं.

"अरे," तो म्हणाला, "बाबा बोलतोय. ऐकू येतंय का?"

"अरे?" ती वळली. "रविवारी गं होतं."

"काय?"

"रविवारी दुपारी. मी पडले होते. हात ठेवलास आणि म्हणालास, काय गं, जागी आहेस ना. तुला माहितीय मुलगी आहे ते. आणखी काय माहितीय ते सांग. त्या बाईंनी तुला आत घेऊन काय सांगितलं?"

भोवतालची कुजबुज थांबली. तो तिच्याकडे बघत राहिला. दाढ कुठली दुखतेय हे अजून न कळलेल्या डॉक्टरसारखा.

"मी तुला म्हणालो होतो," तो म्हणाला.

"कुणाला?"

"तुला गं. तू झोपली होतीस की नुसती पडली होतीस ते कळेना. बोलावंसं वाटलं. तू काही बोलली नाहीस, म्हणून गेलो."

पोटावर हात ठेवून विचारलेला प्रश्न आपल्यालाही असू शकतो, ही शक्यता तिने तपासलीच नव्हती. सगळ्या शक्यता मांडल्या, रे आणि गं तोलून पाहिले, पण मांडणीत त्या खोलीत असलेली एकमेव जागी बाई धरली नव्हती. "आणि बाटली?" ती म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती. "बाटली माझ्याजवळ होती."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "चक्कर आली होती मला."

"काय?"

"तो पडदा बघून. त्यात ते हललं ना, हात वर केल्यासारखं. तू बाहेर गेलीस आणि मी खालीच बसलो. त्यांनी मला तुझ्याच पलंगावर आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं. मी रोज दहा माणसांच्या तोंडात रक्त बघतो गं. कुणाला सांगणार? आईला सांगितलं तर ती दूध पाजत सुटलीय."

"अगं बाई!" शेजारून बेकरीवाली म्हणाली. हळू बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. "दाताचे डॉक्टर बेशुद्ध!"

"बाळाशी बोला," शिट्टीबाई अंधारातून म्हणाल्या, "भांडणं घरी."

"आणि तो 'हं'?" तिने विचारलं.

"कुठला हं?"

तो 'हं' त्याने ऐकलाच नव्हता. तिला जाणवलं की त्याविषयी आता कधीच काही कळणार नाही. आपली तपासणी करताना कुणी कधी हं म्हणतं, आणि त्यात काही असतं किंवा नसतं. त्याच्या सांगण्यात सगळे आकडे पुन्हा एका रेषेवर आले होते, दूधसुद्धा, लाल कानसुद्धा, आणि नेमकं म्हणूनच तिने क्षणभर त्याच्याकडे संशयाने पाहिलं. त्याच्या केसांच्या कडा घामाने ओल्या झाल्या होत्या. पुरावा नव्हता, एक माणूस आपली फजिती चारचौघांत सांगत होता, एवढंच होतं. तिने ते धरलं.

घरी पोचल्यावर ती नेहमीप्रमाणे जिन्यानेच चढली. लिफ्ट होती, पण मांड्यांना काम द्यायचं हा तिचा नेम. नवरा दोघांच्या चटया काखेत धरून मागे राहिला होता. खालच्या वळणावर त्याचा दम ऐकू येत होता. मधल्या टप्प्यावर ती कठड्याला धरून थांबली. बंद जिन्यात प्रत्येक आवाज वर जाऊन परत येत असतो, हे तिला इतकी वर्षं चढून-उतरूनही आज जाणवलं. तिच्या मनात क्रियापदं फिरत होती. आलास, आलीस, येतोस, येतेस. भूतकाळ विचारतो तू कोण, वर्तमानकाळही विचारतो. मग शाळेतल्या घोकंपट्टीतून एक रूप आपोआप पुढे आलं, आणि ते कुणाला काही विचारत नव्हतं. येशील. मुलाला येशील, मुलीला येशील. जे अजून यायचं आहे त्याच्यापुरता भाषेने एक दरवाजा उघडाच ठेवला होता, आणि ती इतके दिवस भिंत चाचपत होती. हाकेचंही तसंच. अरे नाही, अगं नाही. त्यांच्याही आधीचा, पाण्यातून पोचेल असा नुसता एक स्वर.

तिने पोटावर हात ठेवला. तिथे काहीतरी सरकलं. वायू असेल, टाच असेल, तिने निवाडा राखून ठेवला.

"ए," ती म्हणाली, आणि जिन्याने तो आवाज तिला परत दिला. "नीट येशील ना?"

"येतोय की," खालून नवरा धापा टाकत म्हणाला.

"तुला नाही विचारलं," ती म्हणाली.